शहर प्रशासनाच्या वाहनताफ्यात प्लग-इन हायब्रिड गाड्या आणताना

शहर प्रशासनाच्या वाहन विभागात काम करणाऱ्या आणि 'पुढील खरेदीत प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा विचार व्हावा' असा शेरा मारलेली फाइल पहिल्यांदाच टेबलावर आलेल्या अधिकाऱ्यांसाठी हा लेख आहे. या प्रक्रियेतून मी गेलो आहे. गाडीची निवड हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. खरी दमछाक होते ती वीजजोडणी, लॉगबुक, इंधन कार्डे आणि दोन विभागांतील पत्रव्यवहार यांत. म्हणून पुढील टप्पे शक्यतो याच क्रमाने घ्यावेत. बहुतेक ठिकाणी आधी गाड्या येतात आणि त्यांच्या चार्जिंगची सोय कित्येक महिन्यांनी होते. तोवर चालकांना पेट्रोलवरच गाडी चालवण्याची सवय लागलेली असते आणि ती मोडणे फार कठीण जाते.

१. ही गाडी नेमकी काय आहे, हे आधी स्पष्ट करून घ्या

साध्या हायब्रिड गाडीला बाहेरून वीज देता येत नाही. तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. प्लग-इन हायब्रिड गाडीची बॅटरी त्याहून बरीच मोठी असते आणि ती प्लग लावून चार्ज करता येते. बहुतेक मोटारींत ही बॅटरी सुमारे ८ ते २५ युनिटची असते. वापरण्याजोगी १० युनिट वीज मिळाली आणि गाडीने १०० किलोमीटरला २० युनिट खर्च केले, तर पहिले ५० किलोमीटर विजेवर जातात आणि त्यानंतर ती गाडी साध्या हायब्रिडप्रमाणे इंजिनवर चालू लागते. म्हणजे ५० किलोमीटरनंतर आपण एक जड हायब्रिड गाडी चालवत असतो, आणि चार्जच न केलेल्या दिवशी तर पहिल्या किलोमीटरपासूनच.

प्रमाणपत्रावरचा इंधनाचा आकडा पाहून प्रस्ताव तयार करू नका. गाडी नियमित चार्ज होते असे गृहीत धरून तो आकडा काढलेला असतो. २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांच्या अंगभूत मापकांतून गोळा केलेली माहिती युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रमाणपत्रावरील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. ताफ्यासाठी त्याहून बोलका आकडा इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन आणि जर्मनीतील फ्राउनहोफर या संशोधन संस्थांच्या २०२२ च्या अभ्यासात आहे: युरोपातील खासगी मालकांच्या प्लग-इन हायब्रिड गाड्या सुमारे ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर कापतात, तर कंपन्यांनी दिलेल्या गाड्या केवळ ११ ते १५ टक्के. गाडीचे तंत्र दोन्हीकडे तेच असते. फरक पडतो तो इंधनाचे पैसे कोण भरतो आणि प्लग लावणे हे कोणाचे काम आहे, यावर. शहराचा ताफाही याच दुसऱ्या गटात मोडतो.

२. लॉगबुकातून रोजचे अंतर काढा. सरासरीवर विसंबू नका

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्या. प्रत्येक गाडीचे किमान तीन महिन्यांचे, शक्य असल्यास वर्षभराचे दैनंदिन अंतर काढावे. महिन्याच्या एकूण अंतराला दिवसांनी भागून आलेली सरासरी या कामी उपयोगाची नाही. एक उदाहरण पाहा. एक निरीक्षण गाडी महिन्यातील २२ दिवस ३५ किलोमीटर धावते आणि ४ दिवस १८० किलोमीटर. दुसरी गाडी २६ दिवस रोज ५७ किलोमीटर धावते. दोन्हींची सरासरी जवळजवळ सारखीच, ५७ किलोमीटर. विजेवर ५० किलोमीटर जाणारी आणि रोज रात्री चार्ज होणारी प्लग-इन हायब्रिड घेतली, तर पहिल्या गाडीचे १,४९० पैकी ९७० किलोमीटर, म्हणजे सुमारे ६५ टक्के अंतर विजेवर जाईल. दुसरीचे सुमारे ८८ टक्के.

यावरून दुसरी गाडी प्लग-इन हायब्रिडसाठी अधिक योग्य आहे असे वाटेल, पण माझे मत नेमके उलटे आहे. जी गाडी कधीच लांब जात नाही, ती पूर्ण विद्युत घ्यावी. तिच्यात इंजिन, इंधन टाकी आणि धूर सोडणारी नळी वाहून नेण्याचे काही कारण नाही. प्लग-इन हायब्रिडची खरी जागा पहिल्या प्रकारच्या गाडीत आहे: बहुतेक दिवस जवळपास फिरणारी, पण अधूनमधून अशा ठिकाणी जाणारी जिथे चार्जिंगची सोय नाही आणि वाट पाहायला वेळही नाही. तिसरा प्रकार तीन पाळ्यांत धावणाऱ्या आणि दिवसाला दीडशे किलोमीटर कापणाऱ्या गाड्यांचा. त्यांना पाळ्यांच्या मधल्या वेळेत चार्जिंग मिळणार नसेल, तर विजेवरचा वाटा एक तृतीयांशावर येतो आणि जादा किंमत वसूल होत नाही.

अंतराबरोबरच गाडी उभी असताना इंजिन किती वेळ चालू ठेवावे लागते, हेही नोंदवा. रस्त्याच्या कडेला दिवे लावून, वातानुकूलन चालू ठेवून तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ओडोमीटर न्याय देत नाही. पथदिव्यांची दुरुस्ती करणाऱ्या, वर उचलला जाणारा पाळणा असलेल्या ट्रकचे पाहा: जागेवर पोहोचल्यावर पाळण्याचे हायड्रॉलिक बॅटरीवर चालवता आले, तर दिवसभराचे रिकामे इंजिन थांबते आणि गल्लीतला आवाजही थांबतो. आणीबाणीच्या वाहनांबाबतही दार बंद करू नये. बर्लिनच्या अग्निशमन दलाने २०२१ मध्ये सेवेत घेतलेला विद्युत बंब घटनास्थळापर्यंत आणि बहुतेक कामात बॅटरीवर चालतो, आणि काम लांबले तर डिझेल इंजिन मदतीला येते. तरीही सुरुवात आणीबाणीच्या वाहनांपासून करू नये. आधी निरीक्षण, मोजणी आणि कार्यालयीन फेऱ्यांच्या गाड्या घ्याव्यात.

३. गाडी रात्री कुठे उभी राहते, ते लिहून काढा

प्रत्येक प्रस्तावित गाडीपुढे तिची रात्रीची जागा लिहा: मुख्य आगार, विभाग कार्यालय की चालकाचे घर. 'जिथे जागा मिळेल तिथे' असे उत्तर आले, तर ती गाडी यादीतून काढा. जागा निश्चित झाल्याशिवाय चार्जिंग होत नाही. चालक गाडी घरी नेत असेल, तर तिथल्या विजेचा परतावा कसा द्यायचा हे आधी ठरवावे. ते न ठरल्यास तो स्वतःच्या खिशातून वीज भरणार नाही आणि कार्यालयाच्या कार्डावर पेट्रोल भरत राहील. त्यात त्याचा दोष नाही.

पुढचा प्रश्न भाराचा. २३० व्होल्टच्या जोडणीवर १० अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून सुमारे २.३ किलोवॅट मिळतात आणि आपल्या उदाहरणातील १० युनिटची गाडी साधारण पाच तासांत भरते. १६ अँपिअरच्या भिंतीवरच्या चार्जरवर ३.७ किलोवॅट मिळतात आणि तेच काम सुमारे तीन तासांत होते. याहून मोठे चार्जर प्लग-इन हायब्रिडसाठी बहुधा वाया जातात, कारण अनेक गाड्यांतला चार्जरच तेवढी वीज घेऊ शकत नाही, आणि अनेक मॉडेलांना जलद डीसी चार्जिंगची सोयच नसते. भविष्यात पूर्ण विद्युत गाड्या येणार म्हणून मोठ्या क्षमतेचे चार्जर आत्ताच बसवावेत, असा आग्रह तुम्हाला ऐकू येईल. माझा सल्ला असा की केबलसाठीचे पाइप आणि वितरण पेटीतील मोकळी जागा भविष्याच्या हिशेबाने ठेवावी, चार्जर मात्र आजच्या गरजेपुरतेच घ्यावेत.

वीस गाड्यांना प्रत्येकी ३.७ किलोवॅट धरले की बेरीज ७४ किलोवॅट होते आणि विद्युत अभियंता मंजूर भार वाढवून मागतो. इथे थांबून दुसरे गणित मांडा. वीस गाड्यांना एका रात्रीत मिळून २०० युनिट लागतात, चार्जिंगमधील तूट धरून सुमारे २३०. गाड्या रात्री दहा तास उभ्या असतील, तर सरासरी २३ किलोवॅट पुरतात. चार्जर आळीपाळीने चालवणारी भार व्यवस्थापनाची साधी यंत्रणा बसवली, तर नवा ट्रान्सफॉर्मर, त्यासाठीची खोदाई आणि कमाल मागणीवर (एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक भारावर) लागणारा आकार यांतले बरेच काही टळते. भारवाढीचा अर्ज करण्याआधी हे गणित कागदावर मांडून दाखवा.

एक सापळा: अनेक गाड्यांत 'अमुक वाजता चार्जिंग सुरू करावे' अशी वेळ लावण्याची सोय असते. गाडीत एक वेळ आणि भार व्यवस्थापनात दुसरी अशी लागली, की केबल रात्रभर जोडलेली असूनही सकाळी बॅटरी रिकामी मिळते. गाडीतील वेळेची सोय बंद ठेवावी आणि वेळ केवळ चार्जरच्या बाजूने ठरवावी.

४. खर्चाचे गणित आणि दोन खाती

१०० किलोमीटरसाठी मीटरवर सुमारे २३ युनिट वीज लागते आणि तेच अंतर इंजिनवर कापायला सुमारे ६ लिटर पेट्रोल, असे धरू. मग विजेच्या एका युनिटचा दर पेट्रोलच्या एका लिटरच्या दराच्या साधारण चौथ्या हिश्शापेक्षा कमी असेल, तरच विजेवरचा प्रत्येक किलोमीटर स्वस्त पडतो. बहुतेक ठिकाणी तो कमी असतो; पण तुमच्या कार्यालयाला लागू असलेला दर, त्यातील कमाल मागणी आकार आणि दिवसरात्रीच्या दरातील फरक धरूनच हिशेब करा. देखभालीतील बचत मात्र फुगवून सांगू नका. ब्रेक पॅड जास्त टिकतात हे खरे, पण इंजिन, तेल, फिल्टर आणि शीतक सगळे तसेच राहते, आणि इंजिन कमी चालले तरी तेल ठरावीक मुदतीने बदलावेच लागते.

प्रशासनात या गणिताला एक वेगळीच अडचण येते. इंधनाची तरतूद वाहन विभागाच्या खात्यात असते आणि विजेचे बिल इमारत किंवा मालमत्ता विभाग भरतो. त्यामुळे बचत एका विभागात दिसते आणि खर्च दुसऱ्यात, आणि वर्षअखेरीस 'विजेचे बिल का वाढले' असे विचारणारे पत्र येते. यावर उपाय एकच: चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर किंवा उपमीटर बसवावा आणि त्याचे बिल वाहन विभागाच्या शीर्षाखाली घेण्याचा आदेश गाड्या येण्यापूर्वीच काढून घ्यावा.

५. जमवायची कागदपत्रे आणि साधने

प्रस्ताव पुढे पाठवण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये असाव्यात.

- प्रत्येक गाडीचे दैनंदिन अंतराचे तक्ते आणि रात्रीच्या उभ्या राहण्याच्या जागेची यादी
- बदलल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांचे वय, इंधन आणि दुरुस्ती खर्चाचा उतारा
- प्रत्येक जागेचा मंजूर भार, गेल्या वर्षातील कमाल मागणी आणि अर्थिंग तपासणीचा दाखला
- विद्युत अभियंत्याचे अंदाजपत्रक व जागेचा नकाशा
- इमारत भाड्याची असल्यास मालकाची लेखी संमती (ही हमखास राहून जाते)
- वित्त विभागाचा खातेशीर्षाबाबतचा अभिप्राय
- विमा कंपनीचे पत्र: बॅटरी आणि चार्जिंग केबल विम्यात येतात की नाही

साधनांमध्ये उपमीटर, चार्जरच्या प्रत्येक मार्गावर गळती प्रवाह संरक्षण, केबल अडकवण्याचे हूक, चाकांना अडवणारे ठोकळे आणि कार्यशाळेसाठी उच्च विद्युत दाबापासून वाचवणारे रबरी हातमोजे लागतील. हूक क्षुल्लक वाटतील, पण जमिनीवर पडलेली केबल दोन महिन्यांत एखाद्या चाकाखाली जातेच.

६. निविदा आणि करार

निविदेत 'प्लग-इन हायब्रिड मोटार' एवढेच लिहिले, तर सर्वांत लहान बॅटरीची गाडी सर्वांत कमी दरात येईल आणि ती नाकारायला तुमच्याकडे कारण नसेल. विजेवरचे किमान अंतर आणि ते कोणत्या चाचणीपद्धतीने मोजलेले असावे, हे स्पष्ट लिहा. गरम किंवा थंड हवामानात, वातानुकूलन चालू असताना हे अंतर घटते, म्हणून तुमच्या लॉगबुकातील गरजेपेक्षा निदान चौथा हिस्सा जास्त मागा. याशिवाय पुढील अटी घालाव्यात: बॅटरीच्या क्षमतेची हमी (उद्योगात आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर ही हमी सर्रास आढळते, मात्र क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळेल, तो आकडा लेखी असावा), विजेवर व इंधनावर कापलेले अंतर वेगवेगळे वाचता येण्याची सोय, तुमच्या यांत्रिकांचे प्रशिक्षण, आणि प्रत्येक गाडीबरोबर चार्जिंग केबल.

गाड्या भाडेपट्ट्याने घ्यायच्या असतील, तर कायदा विभागाचा अभिप्राय सर्वांत आधी घ्या. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहराने २०१४ मध्ये ४२५ विद्युत व प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा दीर्घ मुदतीचा करार जाहीर केला होता. पुढे त्या कराराचे स्वरूप आणि मंजुरी यांवरून नगर परिषद आणि महापौर कार्यालय यांच्यातील वाद न्यायालयापर्यंत गेला. गाड्यांची गुणवत्ता हा त्या वादाचा मुख्य विषय नव्हता. 'सेवा करार', 'भाडेपट्टा' आणि 'खरेदी' यांना वेगवेगळ्या मंजुऱ्या लागतात, एवढे त्यातून घ्यावे.

तुमची मागणी पाच-दहा गाड्यांचीच असेल, तर शेजारच्या शहरांबरोबर संयुक्त मागणी करून पाहा. पुरवठादार मोठ्या आकड्याशी वेगळ्या सुरात बोलतो. कोणताही मोठा उत्पादक अमेरिकेत अशी गाडी विकत नव्हता, तेव्हा २००६ मध्ये ऑस्टिन शहराच्या पुढाकाराने अनेक शहरांनी आणि संस्थांनी 'गाडी आली तर घेण्याचा विचार करू' अशी बिनबंधनाची मागणीपत्रे एकत्र केली होती.

७. कार्यशाळा आणि सुरक्षितता

हे थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सूचना निर्मात्याच्या पुस्तिकेत असतात आणि त्याच पाळायच्या असतात. नारिंगी आवरणाच्या केबल उच्च विद्युत दाबाच्या असतात; प्रशिक्षण नसलेल्या कोणीही त्यांना हात लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी उच्च दाबाचा पुरवठा तोडणारा प्लग काढून तो काम करणाऱ्याने स्वतःच्या ताब्यात ठेवावा. धुलाई विभागातील कर्मचाऱ्यांनाही हे प्रशिक्षण द्या. पाण्याचा जोरदार फवारा चार्जिंग पोर्टवर मारला जातो तो तिथेच. शांत चालणारी गाडी आगारात मागे घेताना आवाज येत नाही, म्हणून वेगमर्यादेचा फलक आतल्या बाजूलाही लावावा.

बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीची १२ व्होल्टची साधी बॅटरी उतरते. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि चालक 'बॅटरी गेली' एवढेच कळवतो. कार्यशाळेने आधी ही लहान बॅटरी तपासावी.

८. चालकांना गाडी हवाली करताना

एक पानी सूचना आणि अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक पुरते, पण ते प्रत्येक चालकाला गाडीजवळ उभे करून द्यावे. पुढील गोष्टी हमखास अडतात.

केबल खोचली म्हणजे चार्जिंग सुरू झाले, असे नाही. गाडीवरील दिव्याचा कोणता रंग काय सांगतो ते दाखवा आणि तो दिवा पाहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा नियम करा.

बऱ्याच मॉडेलांत इंजिन चालवून बॅटरी भरण्याचे बटण असते. चालकाला वाटते की आपण वीज वाचवत आहोत; प्रत्यक्षात पेट्रोल जाळून वीज करण्याचा तो सर्वांत महाग मार्ग आहे. ते बटण वापरायचे नाही, हे सूचनेत ठळक अक्षरांत छापा. जोरात दाबलेला ॲक्सिलरेटर आणि काही मॉडेलांत हीटर यांमुळेही इंजिन सुरू होते. बॅटरी भरलेली असताना असे झाले, तर तो बिघाड समजू नये.

काही गाड्यांत इंधन टाकी हवाबंद असते. झाकणाचे बटण दाबले तरी टाकीतला दाब सुटेपर्यंत काही सेकंद झाकण उघडत नाही. तेवढ्यात मागची गाडी हॉर्न वाजवते आणि नवखा चालक झाकण बोटांनी उचकटायला जातो. तुटलेल्या झाकणाच्या तक्रारी यातून येतात. तसेच जी गाडी जवळजवळ पूर्ण विजेवर चालते, तिच्या टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते आणि शिळे होते. अशा गाडीची टाकी काठोकाठ भरू नये. आणि गाडीने स्वतःहून देखभालीसाठी इंजिन सुरू केले तर ते बंद पाडू नये.

आता सर्वांत नाजूक विषय, इंधन कार्डाचा. कार्ड काढून घेऊ नका, कारण लांबच्या दिवशी त्याची गरज पडते. त्याऐवजी पेट्रोल भरताना ओडोमीटरबरोबर विजेवरचे अंतरही नोंदवणे सक्तीचे करा. चार्जिंगची जबाबदारी नावानिशी द्या: आगारात ती रात्रपाळीच्या एका कर्मचाऱ्याकडे असावी, कारण दिवसभराची पाळी संपवून घरी निघालेल्या चालकाच्या हातून केबल लावणे सुटते. बक्षिसे आणि दंड यांपेक्षा ही एक नेमणूक अधिक काम करते, असा माझा अनुभव आहे.

९. नोंदी पाहा आणि गाड्यांची अदलाबदल करा

दर महिन्याला प्रत्येक गाडीसाठी चारच आकडे घ्या: एकूण अंतर, विजेवरचे अंतर, भरलेले पेट्रोल आणि उपमीटरवरील युनिट. मीटरवरील युनिट आणि गाडीच्या पडद्यावरील युनिट यांत चार्जिंगच्या तुटीमुळे दहा-पंधरा टक्क्यांचा फरक राहतो. त्याहून मोठा फरक दिसला, तर त्या जोडणीवरून दुसरेच काहीतरी चालते आहे का ते पाहा. पेट्रोलची बचत अहवालात मांडताना एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. मात्र वापरलेल्या विजेचे उत्सर्जन त्यातून वजा करायला विसरू नका, नाहीतर लेखापरीक्षणात प्रश्न येतो.

सहा महिन्यांनी विजेवरच्या अंतराच्या टक्केवारीने गाड्यांची यादी लावा. वरच्या टोकाला, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास असलेल्या गाड्यांच्या जागी पुढच्या खरेदीत पूर्ण विद्युत गाडी सुचवा. खालच्या टोकाला असलेल्या गाडीबाबत आधी तिची रात्रीची जागा आणि चार्जर तपासा. तिथे दोष नसेल, तर ती गाडी तिथून हलवून लॉगबुकात जवळच्या फेऱ्या दाखवणाऱ्या दुसऱ्या विभागाला द्या. विभागप्रमुख अशा बदलीला विरोध करतात, विशेषतः गाडी नवी असेल तेव्हा. म्हणून 'सहा महिन्यांच्या नोंदींनुसार गाड्यांचे फेरवाटप करण्याचा अधिकार वाहन विभागास राहील' हे वाक्य पहिल्याच वाटप आदेशात घालून घ्या. गाड्या वाटून झाल्यावर त्या वाक्यावर सही मिळत नाही.